प्रबळगडाची वाट : गणेशदर्शनास जाणाऱ्या भाविकांसाठी नियोजनाचा पाठ

अष्टविनायकांपैकी महडचा श्रीवरदविनायक आणि पालीचा श्रीबल्लाळेश्वर ही दोन स्थाने रायगड जिल्ह्यात असून मुंबई-ठाण्याकडील बहुसंख्य भाविक पनवेलमार्गे तेथे जातात. (खालापूर तालुक्यातील महड हे क्षेत्र आणि दक्षिणेकडील महाड हे शहर ही दोन निरनिराळी ठिकाणे आहेत, हे प्रथमच येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.) या प्रवासात पनवेल सोडल्यावर पूर्वेच्या बाजूस लांबट, सपाट माथ्याचा एक विशाल डोंगर दिसू लागतो. तो प्रबळगड होय. पनवेल आणि माथेरान यांच्या दरम्यान उभ्या असलेल्या या गडाच्या उत्तर टोकाशी कलावंतीण नावाचा उंच सुळका असून दोहोंच्या मधील खिंड दूरवरून इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी दिसते. गडाच्या माथ्यावर दाट रानात श्रीगणेशाचे एक जुने मंदिर आहे. महड-पालीची यात्रा करणाऱ्या कित्येक भाविकांच्या मनात या गणेशाच्याही दर्शनाची इच्छा उत्पन्न होते. ही इच्छा सुखरूप पूर्ण व्हावी, याकरिता कोणती पूर्वतयारी करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

जवळचा, परंतु दुर्गम

प्रबळगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर, म्हणजे २३०० फूट आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेल्या कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे. या तुलनेमुळे प्रबळगड सोपा असावा, असा समज होतो. त्यातच गडाच्या पायथ्यापासून काही अंतरावर मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग, जुना महामार्ग आणि लोहमार्ग आहेत. ‘गाडीतून दिसतो, तर पायी किती वेळ लागणार?’ असा प्रश्न म्हणूनच वारंवार विचारला जातो.

अपघातांचे मूळ पुष्कळदा याच समजुतीत असते. डोंगराचा दुर्गमपणा शहरापासूनच्या अंतरावर ठरत नाही. संकटात सापडलेल्या माणसाला खाली आणण्यास किती वेळ लागेल, यावर तो ठरतो. ठाकूरवाडी या पायथ्याच्या गावापुढे गाडीरस्ता नाही. तेथून वर कोणाचा पाय मुरगळला, तरी त्याला झोळीत घालून माणसांनीच खांद्यावरून उतरवावे लागते.

याची अत्यंत दुःखद साक्ष शेजारच्या इर्शाळगडाने दिली आहे. १९ जुलै २०२३ रोजी रात्री संततधार पावसात इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या ठाकूर समाजाच्या वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीपर्यंत रस्ता नसल्याने यंत्रसामग्री वर नेता आली नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान, गिर्यारोहक आणि ग्रामस्थ यांना पायी चढून फावडी-कुदळींनीच शोधकार्य करावे लागले. मदतीसाठी चढत असताना नवी मुंबई अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. महामार्गावरून सहज दृष्टीस पडणाऱ्या डोंगरावर ही स्थिती उद्भवली. तेव्हा या डोंगररांगेत मदत झटपट पोहोचेल, असे गृहीत धरून कोणीही पाऊल टाकू नये.

गडाची रचना आणि थोडा इतिहास

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झालेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकांतून लाव्हारसाचे थर एकावर एक साचले आणि त्यांतून दख्खनचे काळे पाषाण तयार झाले. यांतील कठीण थरांचे उभे कडे बनतात, तर ठिसूळ थर झिजून त्यांच्या जागी सपाट पायरी तयार होते. या पायरीलाच ‘माची’ म्हणतात. माचीवर माती साचते, झरे असतात, म्हणून तेथे वस्ती होते. प्रबळमाची ही अशीच वस्ती होय. तिच्या वर कडा आणि खाली उतार आहे. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांत शिरले की दगड सुटतात. दरडींचे आणि पायाखाली निसटणाऱ्या घसाऱ्याचे कारणही हेच आहे.

या गडाचे जुने नाव मुरंजन. १६३६ मध्ये निजामशाहीच्या अखेरच्या काळात शहाजीराजे कोकणात उतरले, तेव्हा काही काळ ते या गडाच्या आश्रयाने होते. पुढे गड शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला आणि त्यास प्रबळगड हे नाव मिळाले. १६६५ मधील पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत प्रबळगड आणि पनवेलजवळचाच कर्नाळा यांचा समावेश होता.

त्या काळात गडावर जाणे-येणे किती विचारपूर्वक होत असे, याची कल्पना रामचंद्रपंत अमात्य यांच्या आज्ञापत्रावरून येते. गड बांधण्यापूर्वी तेथे पाणी आहे की नाही हे आधी पाहावे, पाणी नसल्यास खडक फोडून टाकी खोदावीत, असा दंडक त्यात घातलेला आहे. जी माणसे डोंगरातच वाढली, त्यांनीसुद्धा पाण्याचा विचार सर्वप्रथम केला. एका दिवसासाठी येणाऱ्या भाविकाने तो करू नये, हे सयुक्तिक ठरणार नाही.

तिथी आणि ऋतू

भाविक सामान्यतः तिथी पाहून यात्रा ठरवितात. डोंगरयात्रेत तिथीबरोबर ऋतूही पाहावा लागतो.

भाद्रपद शुद्ध चतुर्थी, म्हणजे श्रीगणेश चतुर्थी, पावसाळ्यात येते. रायगड जिल्ह्यात जून ते सप्टेंबर या काळात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या दिवसांत वाटांवर शेवाळ धरते, ओढे अकस्मात फुगतात आणि धुक्यात दहा पावलांपुढचे दिसत नाही. प्रशासनही धोका पाहून पावसाळ्यात अशा ठिकाणी मनाई आदेश काढत असते. म्हणून भाद्रपदातील चतुर्थीचे दर्शन गावातील मंदिरातच घ्यावे, गडावर जाण्याचा आग्रह धरू नये.

माघ शुद्ध चतुर्थी, म्हणजे माघी गणेश जयंती, जानेवारी-फेब्रुवारीत येते. हवा थंड, वाट कोरडी आणि आकाश स्वच्छ असल्याने गडयात्रेस हा काळ उत्तम होय. साधारणपणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने योग्य समजावेत. मार्चपासून कातळ तापू लागतो व एप्रिल-मे महिन्यांत उन्हाचा त्रास पावसाइतकाच घातक ठरू शकतो.

संकष्टी चतुर्थीविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. संकष्टीचा उपवास चंद्रोदयानंतर सुटतो आणि चंद्रोदय रात्री होतो. दिवसभर रिकाम्या पोटी चढ-उतार केल्याने घेरी येणे, पायांत गोळे येणे हे प्रकार उतरताना होतात आणि कठीण जागी तोल जातो. ज्यांना संकष्टीचे व्रत आहे, त्यांनी गडयात्रा दुसऱ्या दिवशी करावी. निर्जळी उपवासात तर चढू नयेच. अनवाणी दर्शनाचा नवस असल्यास पादत्राणे मंदिराच्या आवारात काढावीत. घसाऱ्याच्या वाटेवर पकड असलेले बूटच हवेत.

वाट

पनवेल रेल्वे स्थानक व एस.टी. स्थानक येथून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने शेडुंग फाटा गाठावा व तेथून आत वळून ठाकूरवाडीस जावे. या बाजूस एस.टी. गाड्या मोजक्याच आहेत. जाण्याची व परतण्याची वेळ आदल्या दिवशी स्थानकावर विचारून घ्यावी.

ठाकूरवाडीपासून प्रबळमाचीपर्यंतची वाट रुंद व ठळक असून तिला सावली कमी आहे. वाटेत एका कातळावर श्रीगणेश आणि मारुती यांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. सावकाश चालणाऱ्यास माचीपर्यंत दीड ते दोन तास लागतात. माचीवर ग्रामस्थांच्या घरी सांगितल्यास चहा व जेवण मिळते.

माचीपासून वाटा फुटतात. एक वाट कलावंतीण सुळक्याकडे जाते. सुळक्यावर कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या आहेत, त्यांस कठडा नाही, आणि अगदी वरचा टप्पा खडकावरून चढून जावा लागतो. होळीच्या सणास माचीवरील ठाकूर बांधव सुळक्यावर जाऊन नृत्य करतात. त्यांचे जन्म या कड्याच्या सान्निध्यात गेलेले आहेत, त्यांची बरोबरी पाहुण्यांनी करू नये. येथून दरीत पडून मृत्यू झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. वृद्ध, लहान मुले आणि उंचीची भीती असणारे यांनी सुळक्याचा विचार सोडावा.

दुसरी वाट दगडगोट्यांनी भरलेल्या घळीतून प्रबळगडाच्या माथ्यावर जाते. माथा विस्तीर्ण असून दाट झाडीचा आहे. पाण्याची टाकी, जुन्या बांधकामांचे अवशेष आणि गणेशमंदिर या झाडीत आहेत. वाटांवर फारशी वर्दळ नसल्याने अनोळखी माणूस येथे हमखास चुकतो. याकरिता माचीवरील माहितगार वाटाड्या सोबत घेणे अनिवार्य समजावे. त्याचा मोबदला आधी ठरवावा आणि त्यात घासाघीस करू नये. पाऊस, वाट आणि वेळ यांविषयी त्याने दिलेला सल्ला अखेरचा मानावा.

वेळेचे गणित

नियोजनाचा गाभा वेळेच्या हिशेबात आहे. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधे सूत्र मांडले. दर तीन मैलांच्या चालीस एक तास आणि दर दोन हजार फुटांच्या चढास आणखी एक तास धरावा, असे ते सूत्र होय. ठाकूरवाडीपासून माथ्यापर्यंत पाच किलोमीटरची चाल आणि सुमारे सहाशे मीटरचा चढ धरल्यास या हिशेबाने दोन तास होतात. परंतु हे सूत्र सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसासाठी आहे. कुटुंबासह येणाऱ्या भाविकांनी त्याची दुप्पट, म्हणजे चार तास धरावेत. विश्रांतीचा वेळ निराळा.

आता हिशेब सूर्यास्तापासून उलट मांडावा. डिसेंबरात पनवेलच्या परिसरात सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आतच अंधार पडतो. झाडीत तो त्याहून लवकर दाटतो. अडचणीसाठी एक तास राखून ठेवला, तर पाच वाजता ठाकूरवाडीत असले पाहिजे. उतरण्यास, माचीवरील जेवण धरून, चार तास लागतात. म्हणजे दुपारी एक वाजता माथा सोडलाच पाहिजे. दर्शनास आणि थोड्या विसाव्यास पाऊण तास ते एक तास लागतो. म्हणून बारा वाजेपर्यंत माथा गाठला नसेल, तर तेथूनच परत फिरावे.

त्यानुसार दिवसाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

सकाळी ७.०० – ठाकूरवाडीहून प्रस्थान
९.०० – प्रबळमाची, अल्पोपाहार व वाटाड्याची भेट
९.३० – माचीहून पुढे
११.३० – माथा व गणेशदर्शन
१२.३० – परतीस आरंभ
दुपारी २.१५ – माचीवर भोजन
३.०० – माचीहून प्रस्थान
४.४५ – ठाकूरवाडी

यांतील ‘बारा वाजता परत’ हा नियम पायथ्याशीच, सर्वांच्या समक्ष ठरवावा. वर गेल्यावर तो ठरविता येत नाही. दमलेल्या माणसाला उरलेली वाट नेहमी थोडीच वाटते. ‘आता एवढे आलो आहोत, तर जाऊ या’ हे वाक्य कोणीतरी उच्चारतो आणि श्रद्धेच्या भरात त्यास नकार देणे इतरांना जड जाते. नियम आधीच ठरलेला असला की कोणाला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

सोबत काय असावे

प्रत्येकाजवळ किमान तीन लिटर पाणी असावे. माथ्यावरील टाक्यांच्या पाण्यावर विसंबू नये. गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, केळी, तसेच मीठ-साखर घातलेले पाणी जवळ ठेवावे. विजेरी, शिट्टी, दहा मीटर दोरी, मलमपट्टीचे साहित्य आणि नेहमीची औषधे घ्यावीत. सामान पाठीवरील पिशवीतच न्यावे, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. भ्रमणध्वनीस सर्वत्र रेंज मिळतेच असे नाही.

पन्नाशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब अथवा हृदयविकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ला घेतल्यावाचून चढू नये. छातीत दडपण, घाम, अथवा डाव्या हातात कळ जाणवल्यास तेथेच बसावे. थोडे थांबून पुन्हा चढण्याचा प्रयत्न करू नये.

दगडांखाली अथवा कपारीत हात घालू नये. कोकणातील लाल विंचवाचा दंश गंभीर असतो. त्यावरील उपचारांत महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी मोलाचे संशोधन केले असून त्याबद्दल त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री प्राप्त झाली. विंचू वा सर्पदंश झाल्यास मंत्र-तंत्रात वेळ न दवडता रुग्णास शासकीय रुग्णालयात न्यावे. कड्यांवर आग्यामोहळे असतात. म्हणून धूर करू नये, आरडाओरडा करू नये आणि उग्र अत्तरे लावू नयेत. मंदिरात धूप-उदबत्ती लावण्यापूर्वी वाटाड्यास विचारावे. वाळलेल्या गवताच्या दिवसांत एका ठिणगीने वणवा पेटतो. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक सर्वांना पाठ असावेत.

मंडळे व दाते यांच्यासाठी

सामुदायिक गडयात्रा नेणाऱ्या मंडळांनी दहा जणांमागे एक माहितगार माणूस ठेवावा. सर्वांत पुढे एक आणि सर्वांत मागे एक, असे दोघे जबाबदार कार्यकर्ते नेमावेत. मागच्याच्या पुढे सर्वजण असलेच पाहिजेत. खाली आल्यावर शिरगणती करूनच गाडी सोडावी.

डोंगरावरील देवस्थानास काही अर्पण करावे, अशी अनेक दात्यांची भावना असते. परंतु वनक्षेत्रात परवानगीवाचून बांधकाम करता येत नाही, आणि वर नेलेली प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी डोक्यावरून न्यावी लागते. माचीवर रुग्ण उतरविण्याची एखादी स्ट्रेचर, प्रथमोपचाराची पेटी अथवा काही विजेऱ्या ग्रामस्थांना विचारून दिल्यास ते दान गरजेच्या वेळी उपयोगी पडेल. इर्शाळवाडीच्या त्या रात्रीनंतर या मदतीचे मोल वेगळे सांगावयास नको.

परत फिरणे आणि श्रद्धा

दर्शन न घेता परतल्यास यात्रा अपूर्ण राहील, अशी शंका भाविकांच्या मनात येते. आपल्या परंपरेने या शंकेचे निरसन पूर्वीच केले आहे. पंढरीस गेलेल्या ज्या वारकऱ्यास गर्दीमुळे गाभाऱ्यापर्यंत पोहोचता येत नाही, तो कळसाचे दर्शन घेऊन समाधानाने परततो. कैलास पर्वताच्या शिखरावर कोणी चढत नाही. यात्रेकरू त्याची सुमारे ५२ किलोमीटरची परिक्रमा करतात आणि त्यातच यात्रेची सांगता मानतात. काशीयात्रा करून आलेला माणूस घरी मावंदे घालतो, तेव्हा त्याची यात्रा पूर्ण झाली असे समजतात. म्हणजे यात्रेची समाप्ती देवाच्या दारी होत नाही, ती स्वतःच्या उंबरठ्यावर होते.

त्याच न्यायाने, बारा वाजले आणि माथा दूर राहिला, तर जेथे असाल तेथून गडाकडे हात जोडावेत आणि उतरावे. ठाकूरवाडीच्या वाटेवर कातळात कोरलेला गणेश आहेच. माचीच्याही आधी ज्यांचे पाय थकले, त्यांना त्याचे दर्शन घडते, आणि माथ्यावरून सुखरूप उतरणाऱ्यांनाही घरी जाताना त्याच्यासमोरूनच जावे लागते.

निघण्यापूर्वी एका कागदावर सोबत्यांची नावे, जाण्याची वाट आणि परतण्याची वेळ लिहून तो घरी द्यावा. खाली येताच पहिला दूरध्वनी घरी करावा.